पिठाचा कोंबडा आणि आईची माया

दिवाळीच्या सुट्टीत अकोला-अमरावतीच्या घरांमध्ये पुण्या-मुंबईची नातवंडे येतात आणि फराळाच्या ताटांबरोबर त्यांचे चित्रपटही घरात येतात. हॅरी पॉटरची कथा आता नवी राहिलेली नाही. तिचा सातवा आणि अखेरचा खंड २००७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अखेरचा चित्रपट २०११ मध्ये आला. तरीही प्रत्येक नवी पिढी ती कथा नव्याने पाहते आणि घरातील वडीलधाऱ्यांना कोड्यात टाकणारा एक प्रश्न विचारते. त्या कथेत हॅरीची आई लिली हिला बाजूला होण्याची संधी मिळते. बाजूला झाली असती तर तिचा जीव वाचला असता. ती होत नाही. तान्ह्या लेकराच्या आणि मृत्यूच्या मध्ये ती उभी राहते आणि प्राण देते. त्याच कथेत स्नेप नावाचा एक कठोर शिक्षक आहे. लिलीवर त्याचे मूकपणे प्रेम होते आणि त्यानेच पोहोचविलेल्या एका बातमीमुळे तिच्यावर मरण ओढवले. त्या दुःखाने पोळलेला तो मनुष्य पुढे आयुष्यभर तिच्या मुलाचे गुप्तपणे रक्षण करतो आणि त्यातच संपतो. मुले विचारतात, या दोघांत मोठे कोण? मुलावर माया करून मरणारी आई, की स्वतःचे दुःख उराशी धरून मरणारा तो मनुष्य?

प्रश्न परदेशी कथेतला असला तरी आपल्याला परका नाही. आपल्या आचार्यांनी आणि कवींनी तो हजार-बाराशे वर्षांपूर्वी अधिक खोलवर विचारून ठेवला आहे, आणि त्यातील एका उत्तराची पोथी आपल्याच वऱ्हाडात, कारंजाच्या भांडारात जपली गेली.

कथेकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जैन दर्शनात अपत्यावरील माया आणि प्रियजनाच्या वियोगाचे दुःख या दोन्ही वृत्ती मोहनीय कर्माच्या क्षेत्रात येतात. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत. अप्रियाच्या संयोगाने होणारे, प्रियाच्या वियोगाने होणारे, वेदनेने होणारे आणि भावी भोगाच्या अभिलाषेने होणारे, असे ते चार होत. यावरून कोणी असे समजू नये की शास्त्राला आईची माया तुच्छ वाटते. शास्त्राचे म्हणणे इतकेच की माया आणि दुःख या दोहोंच्या भरात मनुष्य जो निर्णय घेतो त्याचे फळ त्याला भोगावे लागते, आणि निर्णय घेताना आपला हेतू किती प्रेमळ होता हे सांगून ते टळत नाही.

कारंजा (लाड) हे गाव आज वाशिम जिल्ह्यात असले तरी १९९८ पर्यंत ते अकोला जिल्ह्यात होते. बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ अशा तीन परंपरांची दिगंबर जैन मंदिरे आणि त्यांची ग्रंथभांडारे तेथे नांदत आली. पिढ्यान् पिढ्या या पोथ्या रेशमी रुमालांत बांधलेल्या होत्या. दर्शन घेणारे अनेक, उघडून वाचणारे थोडे. रायबहादुर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची जी सूची १९२६ मध्ये सिद्ध केली, तिच्यामुळे कारंजाचे हे धन विद्वानांच्या नजरेस आले. त्या कामात हातभार लावणारे डॉ. हिरालाल जैन पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात, म्हणजे आजच्या शासकीय विदर्भ ज्ञान-विज्ञान संस्थेत, संस्कृतचे प्राध्यापक होते. षट्खंडागमाच्या धवला टीकेचा पहिला भाग त्यांच्या संपादनाखाली १९३९ मध्ये अमरावतीहूनच प्रसिद्ध झाला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्याआधी कारंजाच्या ग्रंथमालेतून अपभ्रंश भाषेतील तीन चरितकाव्ये बाहेर आली होती. १९३१ मध्ये डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादिलेले ‘जसहरचरिउ’, आणि त्यानंतर १९३३ व १९३४ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेली ‘णायकुमारचरिउ’ व ‘करकंडचरिउ’.

‘जसहरचरिउ’ म्हणजे यशोधर राजाचे चरित्र. त्याचा कवी पुष्पदंत दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानीत राहत होता. त्याचे आईवडील मूळचे शैव ब्राह्मण; पुढे त्यांनी जैन धर्म स्वीकारला. मानी स्वभावाच्या या कवीने स्वतःला ‘अभिमानमेरु’ म्हणवून घेतले. मंत्री भरत आणि पुढे त्याचा पुत्र नन्न यांच्या आश्रयाने त्याची काव्ये लिहिली गेली. यशोधराची कथा मात्र त्याच्याही आधीची. हरिभद्रसूरींनी ती ‘समराइच्चकहा’मध्ये सांगितली, सोमदेवसूरींनी तिच्यावर ‘यशस्तिलक’ रचले, कन्नडमध्ये कवी जन्नाने ती गायिली आणि जुन्या मराठीत मेघराजाने ‘जसोधर रास’ रचला. अलीकडच्या काळात गिरीश कर्नाड यांनी याच कथेवर नाटक लिहिले. इतक्या भाषांतील इतक्या कवींना जी कथा पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटली, तिच्यात माणसाच्या मनाचे काही मूलभूत सत्य असले पाहिजे.

कथा अशी आहे. उज्जयिनीचा राजा यशोधर. वडिलांनी त्याच्यावर राज्य सोपवून दीक्षा घेतलेली. आई चंद्रमती राजवाड्यात. राणी अमृतमती रूपवती. पुत्र यशोमती लहान. एका रात्री राणी शेजेवरून उठून बाहेर जाते. राजा मागोमाग जातो आणि ती एका कुबड्या, कुरूप सेवकाकडे गेलेली पाहतो. उशीर झाला म्हणून तो सेवक तिला मारतो आणि ती निमूटपणे मार सोसते, हेही राजा पाहतो. तलवार म्यानाबाहेर येते. परंतु हात थांबतो. राजा परत येऊन शेजेवर पडून राहतो. थोड्या वेळाने राणीही परतते आणि काहीच घडले नाही अशा रीतीने शेजारी येऊन निजते.

सकाळी यशोधराच्या मनात संसाराविषयी पूर्ण विरक्ती आलेली असते. मुलावर राज्य सोपवून निघावे असे तो ठरवितो. आईचा निरोप मात्र घेतला पाहिजे. पण आईला सांगायचे काय? सून अशी वागली हे मुलगा आईला कोणत्या तोंडाने सांगणार? तेव्हा तो एक बतावणी करतो. आपल्याला वाईट स्वप्न पडले, संन्यास घेतला नाही तर अनिष्ट घडेल, असे तो सांगतो.

आई ती आईच. तिने मुलाचे शब्द ऐकले आणि तिचे काळीज हलले. अनिष्ट टाळण्याचा तिला ठाऊक असलेला एकच मार्ग होता. कुलदेवतेला जिवांचा बळी द्यावा, देवी प्रसन्न होईल, लेकरावरचे संकट टळेल. यशोधर नकार देतो. दुसऱ्याचा जीव घेऊन आपले कल्याण साधणे त्याला मान्य नाही. त्यापेक्षा स्वतःचे शिर उतरून देण्याची त्याची तयारी आहे. आई रडते, विनवते, पाय धरते. अखेरीस दोघांच्या मध्ये एक तडजोड निघते. खरा प्राणी नको, पिठाचा कोंबडा करू. पिठाचा कोंबडा तयार होतो, हुबेहूब. देवीपुढे त्याच्यावर शस्त्र चालविले जाते आणि ते पीठ मांसाचा प्रसाद मानून आई आणि मुलगा दोघेही ग्रहण करतात.

यशोधर त्यानंतरही निघण्याच्या तयारीत असतो. परंतु आपले गुपित फुटले हे राणीच्या ध्यानात आलेले असते. निरोपाच्या भोजनात ती सासू आणि पती दोघांनाही विष घालते. आई आणि मुलगा एकाच दिवशी मरतात.

येथून पुढे कथा अद्भुत होते. यशोधर मोर होतो, चंद्रमती कुत्रा होते, आणि दोघेही यशोमतीच्याच राजवाड्यात येऊन पडतात. कुत्रा मोराला मारतो. पुढल्या जन्मी एक मुंगूस, दुसरा साप. मग मासा आणि मगर. मग बोकड आणि रेडा यांसारखे जन्म. ग्रंथागणिक क्रमात थोडा फरक आहे. ज्या आईने मुलाच्या जिवासाठी देवीची आराधना केली, तीच जन्मोजन्मी त्याच्या जिवावर उठते, किंवा त्याच्याबरोबर मारली जाते. आणि पुत्र यशोमती आपल्या पित्याच्या व आजीच्या सद्गतीसाठी श्राद्धाचे भोजन घालतो, तेव्हा त्या भोजनात त्याच दोन जिवांचे मांस शिजते. प्रत्येक जण आपल्या माणसासाठीच करीत असतो आणि प्रत्येक वेळी आपल्याच माणसाचा घात होत असतो.

शेवटी दोघे कोंबड्याची जोडी होतात. एका मुनींचा उपदेश त्यांच्या कानी पडतो, पूर्वजन्म आठवतात, आनंदाने ते आरवतात. आणि यशोमती आवाजाच्या रोखाने बाण सोडून दोघांनाही मारतो. परंतु या वेळी मरणसमयी मन शांत असते. मुक्तागिरीच्या डोंगरावरून कोसळलेल्या मेंढ्याने मुनींच्या मुखातून णमोकार ऐकत देह ठेवला, ती कथा अचलपूर-परतवाड्याकडील प्रत्येक घरात सांगितली जाते. तिचा आशयही हाच. कोंबड्याची ती जोडी यशोमतीच्याच घरी जुळी भावंडे म्हणून जन्माला येते, अभयरुची आणि अभयमती. पुढे सुदत्त मुनींकडून सत्य कळल्यावर यशोमती दीक्षा घेतो आणि ही दोन कोवळी मुलेही क्षुल्लकव्रत स्वीकारतात.

एके दिवशी राजा मारिदत्ताचे सेवक या दोघांना पकडून देवीच्या मंदिरात आणतात. आकाशगमनाची विद्या मिळावी म्हणून राजाला प्रत्येक प्राण्याची एकेक जोडी बळी द्यायची असते आणि मनुष्याची जोडी कमी असते. समोर वेदी, हाती शस्त्र. राजा विचारतो, तुम्ही कोण? ती मुले जीवदानाची याचना करीत नाहीत. पिठाच्या एका कोंबड्याने आपले काय केले ते शांतपणे सांगतात. सगळे चरित्र म्हणजे वेदीसमोर दिलेले हे उत्तर आहे. ऐकता ऐकता मारिदत्ताचे शस्त्र गळून पडते.

या कथेचे तात्पर्य सांगताना आपल्याकडे सामान्यतः पिठाच्या कोंबड्यावर भर दिला जातो. हिंसा संकल्पात असते. प्राणी पिठाचा असला तरी मारण्याचा भाव खरा होता, म्हणून बंध खरा पडला. हे योग्यच आहे. तथापि ज्याच्या घरात मुले मोठी झाली आहेत अशा वाचकाने त्या सकाळच्या प्रसंगाकडे पुन्हा एकदा पाहावे. अनर्थाची सुरुवात कोंबड्याच्या आधी झालेली आहे. यशोधराला एक दुःख झाले होते आणि ते त्याने आईपासून लपविले. आईला क्लेश होऊ नयेत म्हणून त्याने स्वप्नाची बतावणी केली. आईने त्या स्वप्नावर विश्वास ठेवला; रात्रभर न झोपलेल्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून आणखी एक प्रश्न विचारला नाही. मुलाने खरे दुःख सांगितले नाही, आईने खऱ्या दुःखाची चौकशी केली नाही, आणि जे संकट अस्तित्वातच नव्हते त्याच्या निवारणासाठी दोघे वेदीपुढे गेले. दोघांचेही एकमेकांवर निःसंशय प्रेम होते. किंबहुना, प्रेम होते म्हणूनच एकाने लपविले आणि दुसरीने हट्ट धरला.

याच्या शेजारी रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणातील सुकोशलाची कथा ठेवावी. अयोध्येचा राजा कीर्तिधर याला दीक्षा घ्यायची होती. पुत्रजन्म होईपर्यंत थांबावे असे ठरले. राणी सहदेवीला पुत्र झाला तेव्हा पती निघून जाईल या भीतीने ती वार्ताच लपवून ठेवण्यात आली. पण राजाला ती कळली आणि बालकाला गादीवर बसवून तो निघाला. सहदेवीच्या मनात ती जखम राहिली. मुलगाही बापाच्या वाटेने जाईल म्हणून तिने नगरात मुनींना येण्यास बंदी केली. पुढे स्वतः कीर्तिधर मुनी आहारासाठी आले तेव्हा तिने त्यांनाही हाकलून लावले. ते पाहून रडणाऱ्या दाईकडून सुकोशलाला सत्य समजले आणि त्याने पित्याजवळच दीक्षा घेतली. सहदेवी आर्तध्यानाने झुरून मरण पावली आणि वाघीण झाली. त्याच वाघिणीने ध्यानस्थ सुकोशल मुनींचा देह फाडला.

सहदेवी स्वतःला सांगत राहिली की हे सारे मुलाच्या मायेपोटी आहे. प्रत्यक्षात ती आपल्या जुन्या दुःखाची राखण करीत होती आणि मुलाला त्या दुःखाच्या दारावर पहारेकरी म्हणून उभे केले होते. पित्याचा अंतिम निर्णय मात्र पाहण्यासारखा आहे. कीर्तिधरासमोर मुलाचा छिन्नभिन्न देह आहे आणि तो फाडणारी पूर्वजन्मीची पत्नी आहे. या क्षणी शोकाला आणि संतापाला जितके कारण असू शकते तितके आहे. ते मुनी वाघिणीला उपदेश करतात. तिला पूर्वजन्म आठवतो, ती आहाराचा त्याग करते आणि तिची गती सुधारते.

आता मुलांच्या प्रश्नाकडे परत येऊ. लिली मोठी की स्नेप? माया मोठी की शोक? या जैन कथा वाचल्यावर असे दिसते की तराजूत माया आणि शोक यांना समोरासमोर ठेवणेच अपुरे आहे. विचारायचा प्रश्न असा, की या मायेची किंवा या शोकाची किंमत कोणाच्या खात्यावर टाकली गेली? लिलीने ती स्वतःच्या जिवाने चुकती केली. स्नेपने जिच्या मृत्यूला हातभार लावला तिच्या मुलासाठी उरलेले आयुष्य खर्ची घातले. तेही स्वतःच्याच खात्यातून. म्हणून दोघेही आपल्याला भावतात. चंद्रमतीने मुलाच्या कल्याणाची किंमत दुसऱ्या जिवावर टाकायची ठरविली आणि तो जीव पिठाचा निघाला तरी नोंद झालीच. सहदेवीने आपल्या दुःखाची किंमत मुनींवर आणि अखेर मुलावर टाकली.

हे केवळ पुराणातले म्हणावे तर आपली घरे काय सांगतात? व्यापारात खोट आलेला मुलगा अकोल्याच्या घरी फोन करून सगळे उत्तम चालले आहे असे सांगतो. आईवडील त्याच्या आवाजातील थकवा ऐकतात, पण शब्दांवर विश्वास ठेवणे सोयीचे असते. पुढे तेच आईवडील राहते घर गहाण ठेवतात, एखाद्या भिडस्त मेहुण्याला जामीनदार म्हणून उभे करतात, आणि बुडीत धंद्यासाठी दोन संसारांची शिल्लक संपते. दुसऱ्या एखाद्या घरात मुलगा खिन्न असतो, कोणाशी बोलत नाही. त्याला काय झाले हे विचारण्याऐवजी, लग्न केले म्हणजे सुधारेल, असा सल्ला निघतो आणि दुसऱ्याच्या घरची एक मुलगी त्या मायेची किंमत आयुष्यभर भरत राहते. तिसऱ्या घरात मुलीला दीक्षेची किंवा दूरदेशी शिक्षणाची ओढ लागते आणि आपल्या म्हातारपणीच्या एकटेपणाला आपण तिच्या हिताची काळजी असे नाव देतो. या तिन्ही घरांत वाईट माणूस कोणी नाही. प्रत्येक घरात पिठाचा कोंबडा मात्र आहे.

त्यावर उपाय म्हणून पुराणकारांनी कठीण तपश्चर्या सुचविली आहे असे नाही. अभयरुची आणि अभयमती यांनी वेदीसमोर जे केले तेच यशोधराने त्या सकाळी आईसमोर केले असते तर कथा वेगळ्या वाटेने गेली असती. त्यांनी घडले ते सांगितले. मध्ये इतके जन्म गेले ते एवढे सांगण्याचे बळ येण्यासाठी. आणि मारिदत्तासारख्या क्रूर राजाने जे केले ते चंद्रमतीसारख्या प्रेमळ आईलाही करता आले असते. त्याने प्रश्न विचारला आणि उत्तर संपेपर्यंत ऐकून घेतले.

नातवंडे सुट्टी संपवून परत जातील. नंतर केव्हातरी रात्री फोन येईल आणि पलीकडून नेहमीचे उत्तर येईल, की सारे ठीक आहे. त्या वेळी फोन ठेवण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. देवीला काय वाहावे, कोणाला जामीन ठेवावे, याचा विचार त्यानंतर.

जय जिनेंद्र.